उघाडीवरचा हात

श्रावणातल्या एका सकाळी आंबेखारच्या बांधावर वाऱ्यानं ड्रोन उचलला आणि उघाडीपलीकडच्या तिवरांच्या झाडीत नेऊन आपटला. कुंदा मोकल गुडघाभर चिखलात उतरली, तुटक्या पात्या पदरात गोळा केल्या आणि ड्रोन पोटाशी धरून वर आली. बांधावर उभ्या असलेल्या दोघातिघांनी विचारलं, "पडला काय गो?" डोळ्यांदेखत पडलेल्या वस्तूबद्दल असं विचारण्यात आमच्या खारपट्टीचा हात कोणी धरणार नाही.

"नाय, पोहायला गेलता," कुंदा म्हणाली आणि चालू लागली. नवरा जाऊन दोन महिने होत आले होते. तिच्या तोंडून एवढं तिरकं ऐकून लोकांना बरंच वाटलं.

आंबेखारची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. समुद्र आणि भात यांच्यामध्ये एक मातीचा बांध, आणि त्या बांधात एक दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं तिची फळी उचलली जाते आणि शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत जातं. भरती आली की फळी आपसूक खाली बसते; मध्ये काही अडकलं तर हातानं ओढून बसवावी लागते, पण ती बंद असलीच पाहिजे. नाहीतर खारं पाणी आत शिरतं, आणि एकदा ते शिरलं की पुढची तीन वर्षं त्या जमिनीत गवताची काडी उगवत नाही. समुद्र चढायला लागल्यापासून बांध दोनदा उंच केला होता, तरी उधाणाच्या दिवशी पाणी काठाशी येऊन आत डोकावून जायचं.

पूर्वी घरटी एक माणूस बांधावर फिरायचा. आता तरुण माणसं पनवेलच्या पलीकडे कामाला, म्हणून बांध समितीनं ड्रोन घेतला. रोज भरतीच्या आधी कुंदा तो उडवायची. तो अख्ख्या बांधावरून फिरायचा आणि त्यानं काय पाहिलं ते गावातल्या प्रत्येक फोनवर एका ठिपक्यातून कळायचं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जाऊन बघा, लाल म्हणजे धावा.

उघाडी सांभाळायचा कुंदाचा नवरा, परशुराम. फळी बसली की तो कट्ट्यावर उभा राहून उजवा हात वर करायचा. ही रीत ड्रोनच्या कितीतरी आधीची. शेतातून, घरांतून बायका-पुरुष तो हात बघायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. ड्रोन बसवायला आलेल्या कंपनीच्या पोरांनी सभेत विचारलं होतं, की उघाडी बंद आहे हे यंत्रानं कशावरून ओळखायचं? दिनकर पाटील, बांध समितीचे अध्यक्ष, म्हणाले, "परशाचा हात वर गेला की बंद. गावात तेच चालतं." सभेनं माना डोलावल्या. फळी दाखवा, फळीचं माप घ्या, असं कोणाच्या मनातही आलं नाही. माणसाचा शब्द असताना लाकडाला काय विचारायचं! पोरांनी यंत्राला परशुरामचा हात शिकवला.

हात वर करून झाला की परशुराम आणखी एक खूण करायचा. पाचही बोटं जुळवून तोंडाशी न्यायचा. यंत्राला त्याचा अर्थ माहीत नव्हता, गावालाही नव्हता. ती कुंदासाठी होती. जेवण आण, भूक लागली. घरात हा माणूस दिवसाकाठी चार शब्द बोलायचा नाही. जे काही बोलायचा ते कुंदाच्या हातातल्या ड्रोनच्या पडद्यावरून.

ज्येष्ठात, फळी ओढताना त्याच्या छातीत कळ आली. त्या दिवशी ड्रोन उघाडीसमोर थांबला आणि हात वर गेला नाही. कट्ट्यावर तो आडवा पडलेला कुंदानं पडद्यावर पाहिला. त्यानंतर ठिपका रोज पिवळा व्हायचा. नवा उघाडीवाला कोण, यावर समितीत भांडणं चालली होती, तोवर ते काम कुंदाकडेच आलं. ती चालत उघाडीवर जायची, फळी बघायची आणि फोनवर कळ दाबून ठिपका हिरवा करायची.

*

पेणच्या बाजारात इरफान मुकादमचं दुकान आहे. खारपट्टीतले सगळे ड्रोन त्याच्याच हातून दुरुस्त होतात.

"वहिनी, पात्या नव्या घातल्या," तो म्हणाला. "कॅमेरा हलू नये म्हणून धरून ठेवतो तो गिंबल वाकला होता, तोही बदलला. काच बदलली. पण खरं दुखणं आत आहे. हे बघा."

त्यानं कॅमेऱ्यावर काळं झाकण घट्ट बसवलं आणि पडदा तिच्याकडे फिरवला. झाकण लावलेल्या कॅमेऱ्यातून आंबेखारचा बांध दिसत होता. श्रावणातलं हिरवंगार भात, तिवरं, खाडी.

कुंदा दचकली. "हे आता दिसतंय?"

"आता काहीच दिसत नाहीये. हे त्याला आठवतंय."

इरफाननं समजावून सांगितलं ते असं. साधा कॅमेरा दर वेळी अख्खं चित्र नव्यानं काढतो आणि पाठवतो. त्यात बॅटरी जाते, आणि खाडीकाठी नेटवर्कची बोंब. म्हणून या नव्या कॅमेऱ्यांना आठवण दिली आहे. रोज एकाच वाटेनं उडून उडून त्यांच्या चिपमध्ये जागेचं एक चित्र तयार होतं, कोणत्या महिन्यात शेत कसं असतं, पाणी कुठवर येतं, कोण कुठे उभं असतं, सगळ्यासकट. मग डोळ्यानं फक्त एवढंच कळवायचं, की आज वेगळं काय आहे. वेगळं असेल तेवढंच बदलायचं, बाकीचं आठवणीतून भरायचं. आपला डोळाही हेच करतो. प्रत्येकाच्या डोळ्यात एक ठिपका आंधळा असतो, पण आपल्याला कधी भोक दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून ते बुजवून टाकतो.

"आता तुमच्या कॅमेऱ्याचा उजवा खालचा कोपरा मेलाय," इरफान म्हणाला. "तिथून काही बातमीच येत नाही. आणि बातमी नाही म्हणजे याच्या लेखी सगळं पहिल्यासारखंच आहे. त्या कोपऱ्यात तो जुनंच दाखवत राहणार."

पडद्यावरचा ड्रोन बांधावरून सरकत उघाडीसमोर येऊन थांबला. उजव्या खालच्या कोपऱ्यात कट्टा आला. कट्ट्यावर परशुराम उभा होता. त्यानं हात वर केला. मग पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली.

इरफाननं घाईघाईनं पडदा आपल्याकडे वळवला. परशुरामला तो ओळखत होता. "माफ करा वहिनी. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"वळवा हिकडं," कुंदा म्हणाली.

ती बराच वेळ बघत राहिली. ड्रोन पुन्हा पहिल्यापासून निघाला, पुन्हा उघाडीशी आला, पुन्हा हात वर झाला. ती एकदम म्हणाली, "पडलेला नाय दाखवत. शेवटच्या दिवसाचा."

"एकदाच घडलेलं हा लक्षात ठेवत नाही. रोजचं असतं तेच ठेवतो."

"माणसापेक्षा बरा हाय म्हणजे," कुंदा म्हणाली, आणि दुकानात गिऱ्हाईक असतानाही तिला रडू आवरलं नाही.

इरफाननं तिला पाणी दिलं. कॅमेऱ्याचा आतला भाग अख्खा बदलावा लागेल, तो मुंबईहून यायला वेळ लागेल, असं सांगितलं. नवा भाग कोरा येतो. जुनी आठवण काढून त्यात घालता येत नाही, कारण ती साठवलेली नसते, चिपच तशी घडलेली असते.

"मग नको बदलू."

"वहिनी, हा हात बघून ठिपका हिरवा होणार. फळी उघडी असली तरी."

"मी रोज जाते ना उघाडीवर! माझ्या डोळ्यांनी बघते. ठिपक्याला कोण विचारतो? इरफानभाई, समितीला मी सांगेन काय सांगायचं ते. तोवर राहू दे."

इरफानच्या जिवावर आलं होतं, पण समोरच्या बाईला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा विधवा करायचं त्याच्यानं झालं नाही. "नवा भाग येईपर्यंत," तो म्हणाला. "आला की लगेच आणायचा. आणि एकही भरती चुकवायची नाही. कबूल?"

"कबूल."

*

दुसऱ्या दिवसापासून आंबेखारच्या फोनांवर ठिपका आपोआप हिरवा होऊ लागला. "दुरुस्ती फसकलास झाली," असं दिनकर पाटील म्हणाले. कुंदानं समितीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी कॅमेरा काढायला लावला असता, हे तिला ठाऊक होतं.

पण शब्द तिनं पाळला. रोज भरतीच्या आधी ड्रोन उडवायची, पडद्यावर नवऱ्याला बघायची आणि मग चालत उघाडीवर जाऊन फळी बघायची. कट्ट्यावर कोणी नसायचं. पहिले काही दिवस ते तिला फार लागलं. मग तिनं एक गोष्ट करायला सुरुवात केली. आधी उघाडीवर जाऊन यायची आणि नंतर ड्रोन उडवायची. म्हणजे दिवसाच्या शेवटी जे डोळ्यांत राहायचं ते भरलेल्या कट्ट्याचं असायचं, रिकाम्या नव्हे. ती नीट जेवू लागली. शेजारच्या यमुना घरतशी तिचं जुनं गूळपीठ होतं. तिच्याशी पुन्हा हसून बोलू लागली. यमुनाचं शेत उघाडीला लागून होतं. यंदा पीक असं उभं होतं, की ती जाता-येता त्याची दृष्ट काढायची.

इरफानचा फोन आला. नवा भाग आला होता. "गणपती होऊ द्या," कुंदा म्हणाली. गणपती झाले. पुन्हा फोन आला. "अंगात कणकण आहे," ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला तिनं फोन उचललाच नाही.

मग सर्वपित्री अमावस्या आली.

अमावस्येचं उधाण ऐन दुपारी असतं, आणि पितरांची पानंही दुपारीच वाढतात. सकाळपासून घराघरांतून वड्यांचा आणि खिरीचा वास येत होता. यमुना कुंपणावरून म्हणाली, "तू करू नको हां. पहिल्या वर्षी वाढत नाय. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय तो पितरांत जात नाय."

"ठाव हाय मला," कुंदा म्हणाली.

ठाऊक होतं, पण त्याचा राग आला. सगळ्या गावाचे मेलेले आज जेवणार आणि तिचा तेवढा उपाशी. तो ना जिवंतांत, ना पितरांत. मग आहे कुठे? तिनं चूल पेटवली आणि वडे केले, खीर केली, त्याला आवडायची म्हणून भोपळ्याची भाजी केली. कढईत वडे सोडता सोडता उघाडीवर जाऊन यायची वेळ टळत चालली, हे तिच्या ध्यानात होतं. आधी ड्रोन उडवते, मग जाते, असं तिनं मनाशी म्हटलं.

ड्रोन उघाडीसमोर थांबला. परशुरामनं हात वर केला. बोटं जुळवून तोंडाशी नेली. तो जेवण मागत होता.

कुंदानं पान वाढलं आणि पडद्यासमोर ठेवलं. पाण्याचा पेला ठेवला. आणि समोर बसली. फळी बंद आहे असं तो सांगत होता. इतकी वर्षं त्याचा हात वर झाला आणि फळी उघडी राहिली, असं एकदाही झालं नव्हतं. तो सगळ्या गावाशी कधी खोटं वागला नाही, तिच्याशी तर नाहीच. तिला कोणी हटकून विचारलं असतं तर ती म्हणाली असती, की हो, हा कॅमेऱ्याचा मेलेला कोपरा आहे. पण कोणी विचारलं नाही. जो तो कावळ्याला बोलावत होता. ती उठली नाही.

*

ओहोटीला खाडीतून वाहत आलेला तिवराचा एक बुंधा फळीखाली अडकला होता. फळी हातभर वर राहिली. उधाणाचं पाणी त्या फटीतून आत घुसलं, त्यानं आधी कट्ट्याखालची माती खाल्ली, मग बाजूचा बांध खाल्ला.

यमुना कावळ्यासाठी पान घेऊन शेताच्या कडेला गेली होती. पायाला पाणी लागलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. मग तिच्या हातातलं पान खाली पडलं आणि ती बोंब मारत धावत सुटली.

लोक बाहेर आले. पण धावायच्या आधी प्रत्येकानं खिशातला फोन काढून बघितला.

"हिरवा हाय!" दिनकर पाटील ओरडले. "अगं, हिरवा हाय ना ठिपका! पाटाचं पाणी असेल!"

"चाटून बघ मेल्या!" यमुना म्हणाली.

त्या वादात जो वेळ गेला त्यात बांधाला खांड पडली. दोन घरं रुंदीचा बांध गेला. गावातला प्रत्येक हात पोती, दगड, दारं, जे मिळेल ते घेऊन धावला. कुंदाही धावली. कट्टा होता तिथे तांबडं पाणी घोंघावत होतं. ती पोती टाकत राहिली, ओढून मागे नेईपर्यंत टाकत राहिली. ओहोटी लागली तेव्हा अख्खं शेत मानेपर्यंत पाण्यात उभं होतं, हिरवं, आणि वरून बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटलंही नसतं. भात खाऱ्या पाण्यात लगेच मरत नाही. आठवडाभरात टोकांकडून पांढरं पडत खाली येतं.

सभा शाळेच्या ओट्यावर झाली. कुंदानं उभं राहून सांगितलं, "कॅमेरा फुटलेला होता. मला ठाव होतं. नवा भाग येऊन पडलाय, मी आणला नाय. त्या दिवशी मी उघाडीवर गेले नाय."

कोणी तिच्या अंगावर आलं नाही. कंपनीच्या माणसानं फोनवरून सांगितलं, की यंत्राला हात शिकवलेला होता, त्यानं हात पाहिला, यंत्राची काही चूक नाही. "हात शिकवायला कोणी सांगितलं होतं?" असं त्यानं विचारलं. बोलली ती फक्त यमुना.

"तुझा मेलेला दिसावा म्हणून माझं जितं शेत मारलंस," ती म्हणाली आणि निघून गेली.

*

नवा कॅमेरा बसवायला इरफान स्वतः आंबेखारला आला. कोणी त्याला चहा विचारला नाही, त्यानंही अपेक्षा केली नव्हती. खांडीवर रचलेल्या पोत्यांच्या भिंतीवर बसून त्यानं जुना भाग काढला, नवा घातला. या वेळी यंत्राला फळी शिकवली. पहिल्या उड्डाणात पडद्यावर दिसलं ते जसं होतं तसं दिसलं. पांढरं पडलेलं भात, मिठाचे पापुद्रे धरलेले बांध, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात फळी आणि कट्ट्याच्या जागी पोत्यांचा ढीग.

"चूक माझी आहे," इरफान म्हणाला. "मी तुमचं ऐकायला नको होतं."

"तुम्ही ऐकलंत म्हणून दोन महिने मी जेवले," कुंदा म्हणाली. "त्याचं काय करायचं ते मलाच कळत नाय."

जुना भाग त्यानं जमा करायला हवा होता. तो त्यानं तिच्या हातात ठेवला आणि मोटरसायकल सुरू केली. कुंदानं तो घरी नेऊन तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. यंदा त्या डब्यात घालायला दुसरं काही येणार नव्हतं. डबा तिनं उघडला नाही. उघडावासा वाटे तेव्हा ती उठून पोत्यांच्या भिंतीवर जाऊन बसायची. तिथे कोणी तिच्याशी बोलत नसे, आणि ते तिला योग्यच वाटायचं.

दसरा झाला. एरवी या दिवसांत कापणी असते, विळ्यांना धार लावायला रांग लागते. या वर्षी गाव गप्प होतं. उन्हं कलायच्या सुमाराला यमुना दारात येऊन उभी राहिली. सभेनंतर पहिल्यांदाच. तिला 'ये' म्हणायचाही धीर कुंदाला झाला नाही.

"तुझ्याकडं तो जुना डोळा हाय म्हणे," यमुना म्हणाली. "झाकलेला असला तरी दाखवतो असा."

"हाय."

"तारखेपरमाणं दाखवतो?"

"हो. ज्या महिन्यात जसं असतं तसं."

यमुना उंबऱ्यावरच टेकली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मग माझं शेत दाखव. कापायला आलेलं असेल."

कुंदानं डबा उघडला. चिपला वायर लावली, पडदा भिंतीला टेकवून ठेवला. बांध दिसू लागला. दोन्हीकडे पिवळंधमक भात, वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. एकेकाचं शेत पुढे येऊन मागे जात होतं, पाटलांचं, मोकलांचं. यमुना पदराचा बोळा तोंडात धरून बघत होती. ड्रोन उघाडीकडे वळला तशी कुंदा चपापली. या बाईला आता तो दिसणार. तिनं पुढे होऊन उजव्या खालच्या कोपऱ्यावर आपला तळवा ठेवला आणि तो झाकून टाकला.

यमुना उठून पडद्याजवळ आली.

"हात काढ," यमुना म्हणाली.

"नको गो. माझं ऐक."

"काढ, कुंदा. माझं शेत तिथवर हाय."

कुंदानं हात काढला. यमुनाचं शेत कट्ट्यापर्यंत पिवळं भरून उभं होतं, कणसं वाकलेली. कट्ट्यावर परशुराम उभा होता. त्यानं दोघींकडे बघून उजवा हात वर केला. उघाडी बंद होती.